आगकाडीत नसलेला स्फुरद

देवघरातील निरांजनापासून स्वयंपाकघरातील शेगडीपर्यंत जेथे ज्योत लागते, तेथे काडेपेटी हाताशी असते. ही वस्तू इतकी स्वस्त आणि इतकी ओळखीची आहे की, तिच्याकडे लक्षपूर्वक पाहावे असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. परंतु शाळेतील एखाद्या वर्गात एक साधा प्रश्न विचारून पाहावा : काडेपेटीत स्फुरद कोठे असतो? बहुतेक मुले 'काडीच्या टोकाला' असे सांगतील, आणि मोठी माणसेही बहुधा त्यांच्याशी सहमत होतील. हे उत्तर चुकीचे आहे. आपल्याकडे घरोघरी वापरल्या जाणाऱ्या काडीच्या गुलात स्फुरद मुळीच नसतो. तो असतो पेटीच्या कडेवरील तपकिरी पट्टीत.

नत्र, स्फुरद आणि पालाश ही तीन नावे शेतकऱ्याला खताच्या गोणीवरून चांगली परिचित आहेत. त्यांतील स्फुरद म्हणजेच फॉस्फरस. एके काळी तो खरोखरच काडीच्या टोकाला असे. तेथून तो पेटीच्या कडेवर कसा गेला, आणि एवढ्याशा स्थलांतराला अर्धे शतक का लागले, ही हकीकत जाणून घेण्याजोगी आहे. कारण तिच्यात रसायनशास्त्राइतकाच माणसाच्या जिवाचाही प्रश्न गुंतलेला आहे.

विस्तव मागण्याचा काळ

आगकाडी येण्यापूर्वी अग्नी निर्माण करण्यापेक्षा तो राखून ठेवणे सोपे होते. यज्ञासाठी लाकडाच्या अरणीचे मंथन करून अग्नी पाडीत. गारगोटीवर पोलादाचा तुकडा आपटून ठिणगी पाडावयाची आणि ती कापसावर झेलून फुंकर घालावयाची, ही चकमकीची रीत व्यवहारात रूढ होती. पण पावसाळ्याच्या दमट दिवसांत ह्या दोन्ही गोष्टी कष्टाच्या होत. म्हणून गृहिणी रात्री चुलीतील निखारे राखेखाली झाकून ठेवी आणि सकाळी राख बाजूला सारून त्यांवर गोवरीचा तुकडा ठेवी. निखारे विझले असले, तर शेजारच्या घरून गोवरीवर विस्तव मागून आणीत. दोन घरांत वितुष्ट आले म्हणजे 'त्यांच्यांत विस्तवही जात नाही' असे आपण म्हणतो. त्या वाक्प्रचाराच्या शब्दांत हा जुना व्यवहार अजून जिवंत आहे.

मूत्रातून निघालेले तेज

स्फुरदाचा शोध एका चुकीच्या आशेतून लागला. जर्मनीतील हँबुर्ग शहरचा हेनिंग ब्रांड हा किमयागार मानवी मूत्रापासून सोने करण्याच्या खटपटीत होता. सन १६६९ मध्ये मूत्र आटवून उरलेला गाळ त्याने खूप तापविला, तेव्हा त्याला सोने मिळाले नाही. अंधारात फिकट प्रकाश देणारा एक मेणासारखा पदार्थ मात्र मिळाला. ग्रीक भाषेतील 'प्रकाश वाहणारा' अशा अर्थाच्या शब्दावरून त्याला फॉस्फरस हे नाव पडले. पुढे अठराव्या शतकात हेच मूलद्रव्य जनावरांच्या हाडांच्या राखेपासून काढता येते असे आढळून आले, आणि ते अधिक प्रमाणात मिळू लागले. हाडांचा कठीण भाग मुख्यतः चुना आणि स्फुरद यांच्या संयुगाचा बनलेला असतो. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. पुढे तिचा संबंध येणार आहे.

पहिल्या आगकाड्यांत मात्र स्फुरद नव्हता. सन १८०५ मध्ये पॅरिस येथील शांसेल ह्याने पोटॅशियम क्लोरेट आणि साखर यांचे मिश्रण काडीच्या टोकाला लावले. ही काडी पेटविण्यासाठी ती गंधकाम्लात बुडवावी लागे; म्हणजे काडीबरोबर जहाल आम्लाची कुपीही बाळगावयाची! नुसत्या घर्षणाने पेटणारी पहिली उपयुक्त काडी इंग्लंडमधील स्टॉकटन गावच्या जॉन वॉकर ह्या औषधविक्रेत्याने तयार केली आणि ७ एप्रिल १८२७ रोजी आपल्या दुकानात विकली. तिच्या टोकाला अँटिमनी सल्फाइड आणि पोटॅशियम क्लोरेट होते, आणि ती घडी घातलेल्या काचकागदातून ओढावी लागे. वॉकरने ह्या शोधाचे एकस्व घेतले नाही.

वॉकरची काडी कधी पेटे, कधी पेटत नसे. सन १८३० च्या सुमारास फ्रान्समधील शार्ल सोरिया ह्या तरुणाने अँटिमनी सल्फाइडऐवजी पांढरा स्फुरद वापरला आणि काडी कोठेही घासली तरी पेटू लागली. भिंत, दगड, बुटाचा तळवा, काहीही चाले. युरोपभर तिचे कारखाने निघाले. माणसाच्या इतिहासात प्रथमच अग्नी खिशात मावू लागला.

हाडांतून निघाला, हाडांवर उलटला

पांढरा स्फुरद हे अत्यंत धोकादायक द्रव्य आहे. सुमारे ३० अंश सेल्सिअस तापमानाला तो हवेत आपोआप पेट घेतो, म्हणून तो पाण्याखाली ठेवावा लागतो. पोटात गेल्यास त्याचा सुमारे एक दशांश ग्रॅम एवढा अंशही प्रौढ माणसाच्या प्राणावर बेततो. परंतु त्याचा सर्वांत क्रूर परिणाम कारखान्यांतील कामगारांवर दिसून आला. काड्यांची टोके स्फुरदाच्या लगद्यात बुडविणे, त्या वाळविणे आणि पेट्यांत भरणे ही कामे बहुतांशी स्त्रिया व मुले करीत. दिवसाचे अनेक तास ती स्फुरदाच्या वाफेत श्वास घेत.

सन १८४५ मध्ये व्हिएन्ना येथील लोरिन्सर ह्या डॉक्टरने आगकाड्यांच्या कामगारांतील एका नव्या व्याधीचे वर्णन प्रसिद्ध केले. प्रथम दात दुखू लागत. मग हिरड्या सुजत, पू वाहू लागे, असह्य दुर्गंधी येई आणि हळूहळू जबड्याचे हाडच मृत होई. मेलेले हाड शस्त्रक्रियेने काढून टाकणे हाच बहुधा एक उपाय उरे. त्यातून वाचणाऱ्यांचे चेहरे जन्मभर विद्रूप राहत, आणि कित्येक वाचतही नसत. जनावरांच्या हाडांतून काढलेला स्फुरद अशा रीतीने माणसांच्या हाडांवर उलटला.

ही व्याधी आता आगकाड्यांच्या धंद्यातून नाहीशी झाली आहे. तथापि तिचा अभ्यास निरुपयोगी ठरला नाही. हाडांची झीज थांबविण्यासाठी किंवा हाडांत पसरलेल्या कर्करोगावर दिल्या जाणाऱ्या काही औषधांच्या रेणूंत स्फुरद असतो. सन २००३ च्या सुमारास ह्या औषधांच्या काही रुग्णांत जबड्याचे हाड मृत होत असल्याचे दंतवैद्यांच्या ध्यानात आले, तेव्हा त्यांना शंभर वर्षांपूर्वीच्या ह्याच कामगारांची आठवण झाली. म्हणूनच अशी औषधे सुरू करण्यापूर्वी दातांची तपासणी करून घेण्याचा सल्ला आज दिला जातो.

दोन द्रव्यांची ताटातूट

ज्या व्हिएन्ना शहरात ह्या व्याधीचे वर्णन झाले, तेथेच त्याच दशकात तिच्यावरील उपायाचा पाया घातला गेला. अँटन श्रोएटर ह्या रसायनशास्त्रज्ञाने असे दाखवून दिले की, पांढरा स्फुरद हवेचा संपर्क टाळून तापविला असता त्याचे तांबड्या भुकटीत रूपांतर होते. मूलद्रव्य तेच, पण अणूंची रचना बदलल्यामुळे गुणधर्म सर्वस्वी निराळे. हा तांबडा स्फुरद विषारी वाफ सोडीत नाही, आणि सुमारे २४० अंशांच्या पुढे तापविल्याखेरीज हवेत पेट घेत नाही. कोळसा आणि हिरा ही एकाच कार्बनची दोन रूपे आहेत, तसाच हा प्रकार आहे.

तथापि तांबडा स्फुरद पोटॅशियम क्लोरेटबरोबर कालविणे फार धोक्याचे असते. जराशा घर्षणानेही त्या मिश्रणाचा स्फोट होतो. येथे स्वीडनमधील गुस्ताफ एरिक पाश ह्या रसायनशास्त्रज्ञाची कल्पना उपयोगी पडली. ही दोन द्रव्ये एकत्र आणावयाचीच कशाला? क्लोरेट काडीवर ठेवावे आणि स्फुरद पेटीवर. दोघांची भेट व्हावी ती केवळ काडी घासण्याच्या क्षणी. पाश ह्यांनी १८४४ मध्ये ह्या कल्पनेचे एकस्व घेतले. यन्शपिंग गावच्या लुंडस्ट्रॉम बंधूंनी तीत सुधारणा करून कारखान्यात अशा काड्या तयार केल्या आणि १८५५ च्या पॅरिस येथील जागतिक प्रदर्शनात त्यांना पदक मिळाले. हीच आजची सुरक्षित आगकाडी.

आता काडी घासली असता काय होते ते पाहू. पेटीच्या पट्टीत तांबडा स्फुरद, काचेची पूड आणि चिकटविण्याचे द्रव्य असते. गुलात पोटॅशियम क्लोरेट, गंधक, सरस, काचेची पूड आणि रंग असतो. घर्षणाच्या उष्णतेने पट्टीवरील तांबड्या स्फुरदाच्या अगदी थोड्या कणांचे रूपांतर पांढऱ्या स्फुरदात होते, आणि ते हवा लागताच पेट घेतात. त्या ठिणगीने गुलातील क्लोरेटचे विघटन होऊन प्राणवायू सुटतो आणि त्यात गंधक भडकतो. काडी पेटताना नाकाला जो उग्र वास झोंबतो, तो ह्या जळत्या गंधकाचा होय. म्हणजे जे विष एके काळी कारखान्यात वाफेच्या रूपाने भरून राही, ते आता पेटीच्या कडेवर नखभर जागेत निमिषापुरते जन्म घेते आणि लगेच जळून जाते.

काडीच्या लाकडातही दोन गुपिते आहेत. गुल भडकतो तो क्षणभरच. तेवढ्यात लाकूड पेटावे म्हणून काडीचे टोक आधी वितळलेल्या पॅराफिन मेणात बुडविलेले असते. गुलाची ज्वाला प्रथम मेण पकडते आणि मेणाची ज्योत लाकूड पकडते. दुसरे गुपित ज्योत विझविल्यावर कळते. उदबत्तीची ज्योत फुंकली तरी तिचे टोक लाल धुमसत राहते. आगकाडीचे तसे होत नाही. ज्योत जाताच ती काळी व थंड होऊ लागते. कारण काड्या गुल लावण्यापूर्वी अमोनियम फॉस्फेटच्या पाण्यात भिजविलेल्या असतात, आणि त्यामुळे कोळसा धुमसत नाही. हे फॉस्फेटही स्फुरदाचेच संयुग आहे. पट्टीवरचा स्फुरद आग लावतो आणि लाकडातला स्फुरद ती धुमसू देत नाही, असा हा चमत्कारिक योग आहे. गवतात किंवा कचऱ्यात टाकलेल्या काडीमुळे लागणाऱ्या कितीतरी आगी ह्या योजनेने टळल्या असतील.

माहीत असूनही झालेला विलंब

वरील हकीकत वाचून कोणासही वाटेल की, १८५५ नंतर पांढऱ्या स्फुरदाची काडी लवकरच बंद पडली असेल. तसे घडले नाही. तांबडा स्फुरद महाग होता. शिवाय कोठेही घासून पेटणारी काडी ग्राहकांना अधिक सोयीची वाटे. इंग्लंडमधील ब्रायंट अँड मे ह्या कंपनीने १८५५ मध्येच सुरक्षित काडीचे हक्क विकत घेतले होते. तरीही तिच्या लंडनमधील कारखान्यात पांढऱ्या स्फुरदाच्या काड्याही बनत राहिल्या.

ह्याच कारखान्यात जुलै १८८८ मध्ये सुमारे १,४०० स्त्रिया व मुलींनी संप पुकारला. तुटपुंजी मजुरी, क्षुल्लक कारणांवरून होणारे दंड आणि कामाच्याच जागेत बसून जेवण्याची सक्ती ह्या त्यांच्या तक्रारी होत्या. शेवटची तक्रार वरवर किरकोळ दिसते. परंतु स्फुरदाच्या वाफेत उघडलेला घास म्हणजे विष कालवलेला घास, हे ध्यानात घेतले म्हणजे तिचे गांभीर्य कळते. ह्या मुलींची स्थिती आदल्याच महिन्यात एका लेखाद्वारे जगापुढे मांडणाऱ्या बाई म्हणजे ॲनी बेझंट. पुढे १८९३ मध्ये त्या भारतात आल्या आणि १९१७ च्या कलकत्ता काँग्रेसच्या अध्यक्षा झाल्या. संप त्याच महिन्यात यशस्वी झाला; दंड रद्द झाले आणि जेवणासाठी वेगळी जागा देण्याचे मान्य झाले. काडीतील विष मात्र तसेच राहिले. सन १८९१ मध्ये मुक्तिफौजेने लंडनमध्ये तांबड्या स्फुरदाचा स्वतंत्र कारखाना काढून चांगली मजुरी देऊन दाखविली. परंतु त्या काड्या महाग पडत. ब्रायंट अँड मे कंपनीने पांढऱ्या स्फुरदाचा वापर १९०१ मध्ये थांबविला.

काही लहान राष्ट्रांनी आधीच धैर्य दाखविले होते. फिनलंडने १८७२ मध्ये आणि डेन्मार्कने १८७४ मध्ये पांढऱ्या स्फुरदाच्या काड्यांवर बंदी घातली. सन १८९८ मध्ये फ्रान्समधील सेव्हेन आणि काएन ह्या दोघा रसायनशास्त्रज्ञांनी स्फुरद व गंधक यांचे एक संयुग वापरून, कोठेही घासता येईल अशी पण निर्विष काडी तयार केली. त्यामुळे 'सोयीसाठी विष हवेच' हा बचावही उरला नाही. अखेर १९०६ मध्ये स्वित्झर्लंडमधील बर्न शहरी अनेक राष्ट्रांनी ह्या काड्यांचे उत्पादन, आयात व विक्री बंद करण्याचा करार केला. ब्रिटनने १९०८ मध्ये कायदा करून तो १९१० पासून अमलात आणला. अमेरिकेने १९१२ मध्ये अशा काड्यांवर इतका जबर कर बसविला की, त्या बनविणे परवडेनासे झाले. हिंदुस्थानात त्यांच्यावरील बंदीचा कायदा १९१३ मध्ये झाला. लुंडस्ट्रॉम बंधूंना पदक मिळाल्यापासून ह्या घटकेपर्यंत ५८ वर्षे उलटली होती.

भारतातील काडेपेटी

आपल्या देशात आगकाडी आधी परदेशाहूनच येई. स्वीडन आणि जपान हे तिचे मोठे पुरवठेदार होते. देशी काडी तयार करण्याचे प्रयत्न एकोणिसाव्या शतकातच सुरू झाले होते. अशा एका प्रयत्नाची मौज रवींद्रनाथ ठाकूर ह्यांनी आपल्या 'जीवनस्मृती'त सांगितली आहे. घरातील थोरांच्या एका देशभक्त मंडळाने स्वदेशी काड्या तयार केल्या खऱ्या. पण त्यांना खर्च अवाच्या सवा आला, आणि जवळ दुसरी ज्योत असल्याशिवाय त्या पेटतही नसत!

ह्या धंद्याने मूळ धरले ते १९२२ नंतर. त्या वर्षी आयात काड्यांवर १४४ पेट्यांच्या ग्रोसमागे दीड रुपया जकात बसली. सन १९२३ मध्ये स्वीडनच्या भांडवलाने 'वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी' स्थापन झाली आणि तिने मुंबईजवळ अंबरनाथ, तसेच बरेली, कलकत्ता, मद्रास व आसामातील धुब्री येथे कारखाने चालविले. तिकडे दक्षिणेतील शिवकाशी गावचे अय्या नाडर आणि षण्मुग नाडर हे दोघे १९२२ मध्ये कलकत्त्याला जाऊन हा धंदा शिकून आले, आणि पुढील वर्षी त्यांनी आपल्या कोरड्या, दुष्काळी मुलखात काडेपेट्या करण्यास प्रारंभ केला. आगकाड्यांना कोरडी हवा फार मानवते. ज्या हवेने शेती नाकारली, तिने हा धंदा दिला. शिवकाशी, सातूर आणि कोविलपट्टी हा परिसर पुढे भारतातील काडेपेट्यांचे माहेरघर बनला.

काडीसाठी लागणारे लाकूड मऊ, सरळ धाग्याचे आणि फिकट रंगाचे असावे लागते. युरोपात त्यासाठी ॲस्पेन वृक्ष वापरतात. आपल्याकडे फाल्गुनात तांबड्या फुलांनी डवरणारी काटेसावर आणि महारूख हे वृक्ष उपयोगी पडतात. ओंडका यंत्रावर फिरवून त्याचा पातळ लांब पापुद्रा सोलतात, जणू गुंडाळलेला कागद उलगडावा. मग त्या पापुद्र्याच्या काड्या कापतात.

काडीतील विष गेले, तरी ह्या धंद्यातील माणसाचा प्रश्न तेवढ्याने सुटला नाही. काड्या चौकटीत रचणे आणि पेट्या भरणे ही कामे लहान बोटांनी झपाट्याने होतात, म्हणून शिवकाशीच्या परिसरात दीर्घकाळ मुले राबत होती. बालकामगारविषयक १९८६ च्या कायद्याने आगकाड्यांच्या उत्पादनात मुलांना कामाला लावण्यास मनाई केली. त्यानंतर दहा वर्षांनी, डिसेंबर १९९६ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने शिवकाशीच्या कारखान्यांसंबंधीच्या खटल्यात निर्णय दिला. बेकायदा कामाला लावलेल्या प्रत्येक मुलामागे मालकाने २०,००० रुपये त्याच्या कल्याणासाठी जमा करावे आणि त्या मुलाच्या शिक्षणाची व्यवस्था व्हावी, असा तो आदेश होता. येथेही कायद्याचा शब्द आणि त्याचा अंमल ह्यांत अंतर पडलेच.

काडेपेटीची किंमत हाही एक विलक्षण विषय आहे. चौदा वर्षे एका रुपयाला मिळणारी पेटी १ डिसेंबर २०२१ पासून दोन रुपयांची झाली. एवढ्या अल्प किमतीत वृक्ष, खनिज, रसायन आणि अनेक हातांचे श्रम सामावलेले असतात. जी वस्तू फार स्वस्त असते, तिची उरलेली किंमत कोणीतरी दुसरा मोजीत नाही ना, हे पाहणे ग्राहकाचेही कर्तव्य आहे. एकोणिसाव्या शतकात ती किंमत कामगारांनी आपल्या जबड्यांनी मोजली.

उपाय सापडणे ही शास्त्राची कामगिरी होय. तो घरोघर पोहोचणे हे समाजाचे काम. पहिले काम व्हिएन्ना आणि स्वीडनमधील मोजक्या माणसांनी थोड्याच वर्षांत पार पाडले. दुसऱ्यासाठी संप करणाऱ्या मुली, पत्रकार, डॉक्टर, कायदेमंडळे आणि राष्ट्राराष्ट्रांतील करार हे सर्व लागले. काडेपेटीच्या कडेवरील ती तपकिरी पट्टी ह्या दोन्ही कामांची साक्ष आहे. काडी पेटविताना ती पट्टी एकदा नीट पाहावी, आणि मग विद्यार्थ्यांनी घरातील दुसऱ्या एखाद्या वस्तूबद्दल तोच प्रश्न विचारावा : हिच्यात काय आहे, ते जेथे आहे तेथेच का आहे, आणि ते तेथे नेण्यासाठी कोणाला काय सोसावे लागले?